आम्ही ओळखलं म्हणून घरभेदी बदलू नका

प्रति,
हेरकथांच्या मालिकांचे लेखक, दिग्दर्शक, संकलक आणि निर्माते यांस,

विषय : प्रेक्षकांचा तर्क खरा निघाला तरी मूळ रहस्य कायम ठेवण्याबाबत

स. न. वि. वि.

एक भाग संपून दुसरा यायचा असतो त्या आठवड्यात, किंवा दोन सीझनच्या मधल्या लांबलचक काळात, हेरकथेचे प्रेक्षक काय करतात हे तुम्हाला ठाऊक आहे. खात्यातला घरभेदी कोण, मेलेला हस्तक खरंच मेला का, त्या फोनवर पलीकडे कोण होतं, यावर ते हिरीरीने भांडतात. ही भांडणं तुम्ही वाचता, आणि वाचावीतच. पण त्यातून काही मालिकांना एक वाईट खोड लागली आहे. प्रेक्षकांनी उत्तर ओळखलं अशी शंका आली की उत्तरच बदलायचं. पाच भाग ज्या उपसंचालकाकडे सगळे धागे जात होते तो शेवटी धुतल्या तांदळासारखा निघतो, आणि आठव्या भागात पहिल्यांदा दिसलेली विश्लेषक बाई अचानक शत्रूची जुनी हस्तक ठरते. हे करू नका, एवढं सांगण्यासाठी हे पत्र आहे. का करू नये आणि त्याऐवजी काय करता येईल, हेही सविस्तर मांडतो.

मध्येच बदललेलं उत्तर लपत नाही. तिसऱ्या भागात उपसंचालक तिजोरीच्या किल्लीचा ठसा साबणावर घेतो आणि कॅमेरा त्या साबणावर चार सेकंद थांबतो. चौथ्या भागात तो बायकोला खोटं सांगून अडीच तास गायब असतो. सहाव्यात त्याच्या टेबलावर परक्या देशातल्या दवाखान्याची पावती दिसते. उत्तर बदललं की या तिन्ही गोष्टी अनाथ होतात. शेवटच्या भागात त्यांच्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही, कारण काढला तर खुलासा द्यावा लागेल आणि तो तुमच्याकडे नसतो. दुसऱ्यांदा मालिका बघणारा प्रेक्षक साबणापाशी येतो तेव्हा त्याला लेखक पळून गेलेला दिसतो. नव्या गुन्हेगाराचे पुरावे मागच्या भागांत नसतातच. मग शेवटच्या भागात पाच मिनिटांचा फ्लॅशबॅक लावून ते एकदम ओतले जातात. हा फ्लॅशबॅक आम्हाला लगेच ओळखू येतो, कारण त्यातला एकही प्रसंग आम्ही आधी पाहिलेला नसतो.

‘लोकांनी ओळखलं’ याची तुम्हाला वाटते तेवढी भीती बाळगण्याचं कारण नाही. जरा हिशेब करा. मालिकेत संशय घ्यावा अशी आठ माणसं आहेत. बघणारे हजारो. दुसरा भाग संपायच्या आत त्या आठांपैकी प्रत्येकाचं नाव कुणी ना कुणी घेतलेलंच असणार. म्हणजे तुम्ही कुणालाही गुन्हेगार केलंत तरी कुणीतरी आधीच ओळखलेलं निघणारच. त्याने तुमचं कौशल्य कमी ठरत नाही. नाव घेणं आणि सिद्ध करणं यांत फरक आहे. ‘मला तो पहिल्यापासून आवडला नाही’ हा तर्क नव्हे. ‘सहा गुपितं फुटली, सहाही वेळा ते गुपित आधी ठाऊक असलेला हा एकच माणूस आहे’ हा तर्क. तुम्ही घाबरायचं असेल तर या दुसऱ्या प्रकारच्या बहुमताला. आणि तेही भाग कितवा आहे ते बघून. दहा भागांच्या मालिकेत सातव्या भागानंतर जाणकार प्रेक्षक उत्तरापर्यंत पोचला तर मांडणी बरोबर जमली असंच समजा. तिसऱ्यालाच सगळे पोचले तर पुरावे फार ढोबळ पेरले गेलेत, आणि दोष तिथे शोधायचा.

हा दुसऱ्या प्रकारचा तर्क कसा बांधला जातो ते सांगतो, म्हणजे तुम्हाला आमचा धागा कुठे जातो ते दिसेल. चार रकान्यांचा तक्ता करायचा. फुटलेलं गुपित कोणतं, ते पहिल्यांदा कोणत्या प्रसंगात ठरलं, त्या क्षणी ते कोणाकोणाला कळलं, आणि शत्रूने त्यावर पहिली हालचाल कधी केली. समजा सुरक्षित घराचा पत्ता मंगळवारी संध्याकाळी सहाला बदलला. खोलीत पाच जण होते. बुधवारी सकाळी नऊला नव्या पत्त्यावर हल्ला झाला. पाच नावं लिहायची. मग बारकाईने बघायचं की खोलीबाहेर कोणाला कळलं असेल. गाडी काढायला सांगितलेला चालक, किल्ल्या देणारा कारकून, रात्री आठला ‘उद्या तिकडे येऊ नकोस’ असा निरोप ज्याला गेला तो. पाचाचे आठ होतात. असं प्रत्येक गुपिताचं केलं आणि सगळ्या याद्यांत कोण राहतं ते पाहिलं की संशयित दोन-तीनच उरतात. बहुतेक मालिका याच ठिकाणी कोसळतात. लेखकाने हा तक्ता केलेलाच नसतो, त्यामुळे ज्याला शेवटी घरभेदी ठरवलंय तो एका गुपिताच्या वेळी इस्पितळात बेशुद्ध पडलेला असतो. संहिता पक्की करण्याआधी अर्धा दिवस देऊन हा तक्ता तुम्हीच करा. आम्ही तो करणारच आहोत.

खऱ्या हेरखात्यांनीही हेच केलं आहे. १९८५ सालापासून सीआयए या अमेरिकी हेरखात्याचे सोव्हिएत हस्तक एकामागून एक पकडले जाऊ लागले. त्यांना विकणारा खात्यातलाच अधिकारी ऑल्ड्रिच एम्स याच्यापर्यंत पोचायला खात्याला १९९४ उजाडलं, आणि पोचण्यात मोठा वाटा होता तो एका कंटाळवाण्या वाटणाऱ्या कामाचा. सँडी ग्राइम्स ही अधिकारी एम्सच्या रोजच्या हालचालींची कालरेषा तयार करत होती आणि त्यात त्याच्या बँकेतल्या नोंदी जुळवत गेली. १७ मे १९८५ रोजी एम्स सोव्हिएत वकिलातीतल्या चुवाखिनबरोबर जेवला, दुसऱ्या दिवशी त्याने खात्यात ९,००० डॉलर रोख भरले. २ जुलैला जेवण, ५ जुलैला ५,००० डॉलर. ३१ जुलैला पुन्हा जेवण, त्याच दिवशी ८,५०० डॉलर. जेवणांना परवानगी होती, ती कामाचाच भाग होती. भरणा १०,००० च्या खाली होता, कारण अमेरिकेत त्यावरच्या रोख भरण्याची बँकेला सरकारकडे नोंद करावी लागते. एकेकटी नोंद निर्दोष. दोन याद्या शेजारी ठेवल्या तेव्हा माणूस सापडला. कलाटणी अशी असावी. प्रेक्षकाला जेवणंही दाखवलेली असावीत आणि बँकही, फक्त वेगवेगळ्या भागांत, वेगवेगळ्या निमित्ताने. जोडण्याचं काम त्याच्यावर सोडा. त्याने जोडलं तर रागावू नका.

आता चकव्यांबद्दल. हा विषय सगळ्यांत जास्त हलगर्जीपणाने हाताळला जातो, म्हणून थोडं थांबून लिहितो.

चकवा म्हणजे कुणीतरी अंधारात उभं राहून फोनवर हळू बोलणं, असं समीकरण होऊन बसलं आहे. असा चकवा आम्ही दहा सेकंदांत बाजूला काढतो, कारण त्याने कथेतल्या कशाचाच उलगडा होत नाही. चांगला चकवा काही भाग खरोखर उलगडतो आणि थोडा भाग उरवतो. त्याच १९८५ सालचं उदाहरण आहे. सीआयएतून काढून टाकलेला एडवर्ड ली हॉवर्ड सप्टेंबरमध्ये पळाला आणि पुढे मॉस्कोत पोचला. त्याला मॉस्कोच्या नेमणुकीसाठी तयार केलं होतं, त्यामुळे तिथले हस्तक त्याला ठाऊक होते. फुटलेल्या काही प्रकरणांचा खुलासा त्याच्या नावाने व्यवस्थित होत होता. पण काही प्रकरणं अशी होती की ती त्याला कधी कळलेलीच नव्हती. एक घरभेदी सापडला म्हणून सगळी बिलं त्याच्या नावावर फाडायचा मोह किती होतो, आणि उरलेल्या दोन-चार नोंदी किती त्रास देतात, यातच अख्ख्या सीझनचं नाट्य आहे. तुमच्या चकव्याने फुटलेल्या सहा गुपितांपैकी चारांचा हिशेब लावावा. उरलेली दोन कोणीतरी, शक्यतो ज्याचं कुणी ऐकत नाही अशा पात्राने, पुन्हा पुन्हा टेबलावर आणावीत.

दुसरा प्रकार निर्दोष संशयिताचा. एफबीआय या अमेरिकी तपाससंस्थेत राहून रशियनांना गुपितं विकणाऱ्या रॉबर्ट हॅन्सनचा शोध चालू असताना तपास करणाऱ्यांची खात्री भलत्याच माणसावर बसली होती, सीआयएच्या ब्रायन केलीवर. त्याच्यावर पाळत ठेवली, चौकश्या केल्या, कामावरून दूर ठेवलं. मग २००० साली मोठी रक्कम मोजून केजीबी या सोव्हिएत हेरखात्याची जुनी फाइल मिळवली. तिच्यात घरभेद्याच्या बोलण्याची टेप होती. ऐकणाऱ्यांना केलीचा आवाज अपेक्षित होता, तो नव्हताच. एका अधिकाऱ्याला आवाज ओळखीचा वाटला, दुसऱ्याला फाइलमधल्या पत्रातला एक चावट वाक्प्रचार आठवला जो हॅन्सन वरचेवर वापरायचा. फाइलबरोबर आलेल्या कचऱ्याच्या पिशवीवर हॅन्सनच्या बोटांचे ठसे सापडले. १८ फेब्रुवारी २००१ रोजी हॅन्सनला व्हर्जिनियातल्या एका बागेत पाकीट ठेवून परतताना पकडलं. यात लेखकाने घेण्यासारखं बरंच आहे. ओळख पटवणारा वाक्प्रचार हा आवाजापलीकडचा, स्वभावातला पुरावा होता. तुम्ही पहिल्याच भागात एखाद्या पात्राच्या तोंडी अशी लकब घालू शकता, हशा पिकवू शकता, आणि ती नवव्या भागात पत्रात लिहिलेली सापडू शकते. आणि केलीसारख्या पात्राचं पुढे काय होतं तेही दाखवा. संशय फिटल्यावर त्या माणसाला तुम्ही कथेतून पुसून टाकता, हे आम्हाला सगळ्यांत जास्त खटकतं. त्याच्या मुलांना विचारपूस झाली होती. त्याच्या मित्रांनी फोन उचलणं बंद केलं होतं. माफीचं पत्र आलं तरी तो दुसऱ्या दिवशी त्याच कँटीनमध्ये त्याच माणसांबरोबर कसा बसेल?

निर्दोष संशयिताच्या प्रत्येक संशयास्पद कृतीला निर्दोष कारण हवं आणि ते प्रेक्षकाला कळायला हवं. तो न्हाणीघरात नळ सोडून कोणाशी बोलत होता? आजारी भावाशी, ज्याचं नाव खात्याच्या फॉर्मवर त्याने लिहिलेलं नाही. चाललं. ‘उगाच’ हे उत्तर चालत नाही.

कॅमेऱ्याने खोटं बोलू नये. लपवायची मुभा तुम्हाला शंभर टक्के आहे, खोटं बोलायची नाही. नेमकं कुठे चुकतं ते असं. घरभेदी खोलीत एकटा आहे, दार बंद आहे, त्याला कुणी बघत नाही, आणि हस्तक मेल्याची बातमी वाचून तो धक्का बसल्यासारखा खुर्चीत कोसळतो. हा अभिनय तो कोणासाठी करतोय? आमच्यासाठी, म्हणजे लेखकाने त्याच्याकडून करवून घेतलाय. यावर तीन वाटा आहेत. त्याला एकट्याने दाखवूच नका, आणि इतर संशयितांनाही तितकंच कमी एकटं दाखवा, नाहीतर ‘एकटा कधीच न दिसणारा’ हाच पुरावा ठरतो. किंवा एकटा दाखवा, पण बातमी वाचताना त्याचा चेहरा न दिसता पाठ दिसू दे, कागद दुमडणारे हात दिसू देत. किंवा, ही सगळ्यांत अवघड आणि सगळ्यांत सुंदर वाट, त्याला खरोखरच दुःख झालेलं दाखवा. त्याने ज्याला विकलं तो त्याचा मित्र होता. तो कोसळतो ते खरं आहे. दुसऱ्यांदा बघताना त्याच अश्रूंचा अर्थ बदलतो आणि एक फ्रेमही खोटी ठरत नाही.

खोट्या फ्लॅशबॅकचंही तेच. एखादं पात्र चौकशीत खोटी हकिकत सांगतंय आणि ती आपल्याला दृश्यात दिसते, याला हरकत नाही, कारण ती त्याची जबानी आहे. पण जबानी कुठे सुरू झाली आणि कुठे संपली हे चित्रात स्पष्ट असायला हवं. कुणीच सांगत नसलेला फ्लॅशबॅक हा मालिकेचा स्वतःचा शब्द असतो. तो खोटा निघाला की त्यानंतरच्या कुठल्याही दृश्यावर विश्वास ठेवायचं कारण उरत नाही.

पुरावा पेरायचा कसा, याचा एक नमुना प्रत्यक्ष घडलेला आहे. केजीबीत राहून ब्रिटिशांसाठी काम करणाऱ्या ओलेग गोर्दिएव्स्कीला मॉस्कोतून पळवण्याची योजना कितीतरी वर्षं आधी आखून ठेवली होती. त्याने ठरलेल्या रस्त्यावर सेफवे दुकानाची पिशवी घेऊन उभं राहायचं. ब्रिटिश माणसाने हॅरॉड्स दुकानाची पिशवी घेऊन, मार्स किंवा किटकॅट खात समोरून जायचं आणि नजरेला नजर द्यायची. म्हणजे निरोप पोचला. गोर्दिएव्स्की रशियाबाहेर नेमणुकीवर असतानाही ब्रिटिश अधिकारी दर आठवड्याला त्या जागेवरून चक्कर मारत होते, कारण ऐन वेळी सुरू केलेली चक्कर पाळत ठेवणाऱ्यांच्या डोळ्यांत भरली असती. जुलै १९८५ मध्ये ती पिशवी खरोखर दिसली. संहितेत हेच करा. पहिल्या दोन भागांत एक माणूस दर मंगळवारी पाव आणायला मुद्दाम लांबच्या रस्त्याने जातो, बायको त्यावरून कुरकुरते, प्रसंग त्यांच्या संसाराचा वाटतो. सवय आधी दाखवा, तिचं कारण सहा भागांनी. पुरावा प्रसंगाच्या शेवटी ठेवू नका. शेवटची गोष्ट सगळ्यांच्या लक्षात राहते. मध्ये ठेवा, आणि त्याच्यापाठोपाठ काहीतरी तापलेलं घडू द्या, भांडण, फोन, काचेचा आवाज. आम्हाला तो पुरावा सापडेल. पण पहिल्यांदा बघताना सापडणार नाही, आणि तेवढंच हवंय.

धंद्यातल्या तपशिलांच्या चुका आमच्या वादांत विनाकारण धूळ उडवतात, कारण चूक आहे की मुद्दाम ठेवलेली खूण आहे हे ठरवण्यात आमचे दिवस जातात. लाय डिटेक्टर घ्या. तो श्वास, नाडी, रक्तदाब आणि त्वचेवरचा घाम मोजतो, खोटं मोजत नाही. एम्स १९८६ साली आणि पुन्हा १९९१ साली त्या चाचणीतून सुटला. तेव्हा चौथ्या भागात एखादं पात्र त्यातून पार पडलं म्हणून बाकीच्या सगळ्या पात्रांनी त्याला कायमचं निर्दोष धरणं पटत नाही. कुणीतरी एकाने तरी शंका काढावी. सांकेतिक निरोपांचंही असंच. एकदाच वापरायच्या किल्लीच्या वहीने लिहिलेला निरोप, किल्ली खरोखर यादृच्छिक असेल, गुप्त राहिली असेल आणि पुन्हा वापरली नसेल तर, जगातला कुठलाही संगणक फोडू शकत नाही. तुमचा पोरगेला तंत्रज्ञ तो दीड मिनिटात फोडतो. फोडायचाच असेल तर इतिहासात वाट आहे. सोव्हिएत कारखान्याने १९४२ च्या सुमारास काही किल्ल्यांची पानं दोनदा छापली, आणि व्हेनोना या संकेत फोडण्याच्या प्रकल्पात अमेरिकनांनी त्या दुबार पानांच्या आधाराने वर्षानुवर्षं खपून निरोपांचे तुकडे वाचले. चूक माणसाची दाखवा, आळशी छपाईची, कंजूष साहेबाची. ती कथेतही जास्त रंगते.

गुप्त पाकिटाची जागा आणि ‘पाकीट ठेवलंय’ सांगणारी खूण या दोन जागा वेगळ्या असतात. एम्स वॉशिंग्टनमधल्या एका टपालपेटीवर खडूची रेघ ओढायचा, पाकीट भलतीकडेच असायचं. कारण सरळ आहे. खुणेवरून कुणीही रोज जाऊ शकतं, पाकिटाच्या जागी मात्र गरज असेल तेव्हाच जायचं. मालिकांत खडूची रेघ आणि पाकीट एकाच बाकावर असतं. आम्ही मात्र चार दिवस वाद घालतो की हा सापळा आहे का. आणि भेटीला जाणारा हेर घरातून निघून वीस मिनिटांत भेटतो, हेही बंद करा. मागे कुणी नाही याची खात्री करायला तास-दोन तास, कधी त्याहून कितीतरी जास्त वेळ फिरावं लागतं. तेवढा वेळ पात्राच्या दिवसात ठेवलात तर ‘अडीच तास कुठे होता?’ हा प्रश्न आपोआप तयार होतो.

वेगवेगळ्या संशयितांना वेगवेगळी बातमी देऊन कोणती फुटते ते पाहण्याचा सापळा तुम्हा सगळ्यांना आवडतो. आम्हालाही. पण तो नीट लावा. एकाच अहवालात सहा जागी शब्दरचना दोन प्रकारे बदलली तर चौसष्ट वेगळ्या प्रती तयार होतात, म्हणजे चौसष्ट माणसांना एकेक. शत्रूकडून त्यातली दोन-तीनच वाक्यं परत आली तर मात्र एकच माणूस निघत नाही, गट निघतो. हे अर्धवट यश फार उपयोगी आहे आणि कुणी वापरत नाही. शिवाय प्रत कोणाच्या हाती दिली आणि प्रत्यक्ष कोणी वाचली यात फरक पडतो. सचिवाने साहेबाची प्रत वाचली असेल तर सापळ्यात निर्दोष माणूस अडकतो.

दुहेरीच्या वर जाताना जपून. तो शत्रूचा हेर आहे, नाही तो शत्रूला फसवणारा आपला आहे, नाही तो आपल्याला फसवू देतोय असं भासवणारा शत्रूचाच आहे. दुसऱ्या उलटफेरापर्यंत पुरावा टिकतो. तिसऱ्याला प्रत्येक पुराव्याचे दोन्ही अर्थ निघतात आणि वाद घालायला काही उरत नाही. सीआयए यातून गेली आहे. १९६१ च्या डिसेंबरात गोलित्सिन केजीबीतून फुटून आला. आपल्यानंतर येणारे फुटीर खोटे असतील, असं तो म्हणाला. प्रतिहेरगिरीचा प्रमुख जेम्स अँगलटन याला ते पटलं. १९६४ साली नोसेन्को आला, तेव्हा त्याची खरी माहिती विश्वास कमावण्यासाठी दिलेली ठरली आणि चुकीची माहिती लबाडीचा पुरावा ठरली. त्या माणसाला तीन वर्षांहून अधिक काळ कोंडून ठेवलं. अखेरीस खात्याने त्याला खरा मानलं. जो तर्क कुठल्याच पुराव्याने खोटा पडू शकत नाही, तो तर्क आमच्यातही बाद धरला जातो. तुमच्या कथानकालाही हीच कसोटी लावा. ‘कोणता प्रसंग दिसला असता तर हे पात्र निर्दोष ठरलं असतं?’ या प्रश्नाला संहितेकडे उत्तर हवं.

मग उत्तर खरोखर फुटलं तर करायचं काय? ते लवकर सांगून टाका. दहाव्या भागासाठी राखलेला रहस्यभेद सहाव्याच्या शेवटी आणा आणि प्रश्न बदला. ‘कोण’ संपलं की ‘त्याला कळलंय का की यांना कळलंय’ हा प्रश्न सुरू होतो, आणि तो जास्त ताणतो. जानेवारी १९६३ मध्ये बैरूतच्या एका सदनिकेत निकोलस एलियट हा ब्रिटिश गुप्तहेर अधिकारी आपल्या जुन्या मित्राला, ब्रिटिश हेरखात्यात राहून सोव्हिएतांसाठी काम केलेल्या किम फिल्बीला, भेटला. दोघांनाही भेटीचं कारण ठाऊक होतं. चहा होता, मायक्रोफोन लपवलेला होता, आणि उघड्या खिडकीतून येणाऱ्या रहदारीच्या आवाजाने टेपवरचं बरंच बोलणं बुडालं. घरभेदी कोण हे खोलीतल्या दोघांनाही माहीत होतं. तरी त्यानंतर काही दिवसांत, २३ जानेवारीच्या रात्री, फिल्बी नाहीसा झाला आणि पुढे मॉस्कोत प्रकटला. त्याला मुद्दाम जाऊ दिलं का, यावर आजही वाद होतात. नाव उघड झाल्यावरही साठ वर्षं टिकलेला हा वाद आहे. तुमच्या मालिकेला असा एक प्रसंग मिळाला तर नाव आधी कळल्याची तक्रार कुणीही करणार नाही. हेतूतही खोली आहे. पैसा, विचारसरणी, धाक, अहंकार, हे चार दोर सगळ्यांना पाठ आहेत. एकाच माणसात त्यातले दोन विरुद्ध दिशांना ओढताना दाखवा.

शेवटी संकलक, सबटायटल करणारे आणि प्रसारणाचं काम बघणारे यांना काही नेमक्या विनंत्या, कारण लेखकाने वर्षभर जपलेलं गुपित अनेकदा तुमच्या टेबलावर फुटतं. ‘मागील भागात’च्या तुकड्यांत सात भागांपूर्वीचं एखादं किरकोळ पात्र अचानक दिसलं की आजचा गुन्हेगार कोण ते पहिल्या मिनिटाला कळतं. आठवण करून द्यायचीच असेल तर एक-दोन भाग आधी, कथेच्या ओघात, त्या पात्राचा उल्लेख करवून घ्या. ते जमत नसेल तर दर वेळी एखादा जुना बिनमहत्त्वाचा तुकडाही घालत जा, म्हणजे जुनं दिसणं हीच खूण उरणार नाही. सुरुवातीच्या नामावलीत मेलेल्या पात्राच्या नटाचं नाव आलं तर मृत्यू खोटा ठरतो, गेलं तर खरा. पूर्ण सीझनभर एकच नामावली ठेवा आणि पाहुण्या कलाकारांची नावं शेवटी द्या. सबटायटलमध्ये दाराआडच्या आवाजापुढे पात्राचं नाव छापू नका. ‘पुरुषाचा आवाज’ लिहा, पण आवाज ऐकून तो कोण ते स्पष्ट कळत असेल तर नाव जरूर द्या. ऐकू न येणाऱ्या प्रेक्षकाला ऐकणाऱ्याइतकंच कळावं, कमीही नाही आणि जास्तही नाही. भागाच्या यादीत दिसणारं चित्र त्या भागाच्या पहिल्या दहा मिनिटांतूनच निवडा. शेवटच्या वीस मिनिटांतल्या चेहऱ्याने कितीतरी अपहरणं आधीच सोडवलेली आहेत.

आणि डबिंग. मूळ भाषेत बुरखाधारी माणसाचा आवाज यंत्राने बदललेला असतो. दुसऱ्या भाषेत तोच डबिंग कलाकार उपसंचालकालाही आवाज देतो आणि यंत्राची प्रक्रिया करायची राहून जाते. मूळ मिक्सिंगची सूचना प्रत्येक भाषेच्या स्टुडिओला लेखी कळवा, आणि त्या पात्रासाठी, उलगडा होईपर्यंत, सीझनमध्ये कुठेही न वापरलेला आवाज घ्या.

कळावे, लोभ असावा.

आपल्या मालिकांवर भांडणारे प्रेक्षक

ता. क. : पहिल्या भागाचं चित्रीकरण सुरू होण्याआधी उत्तर आणि त्याचे पुरावे भागवार एका कागदावर लिहून, तारीख घालून, बंद पाकिटात ठेवा. मालिका संपल्यावर ते उघडून सगळ्यांना दाखवलंत तर आमच्यातल्या ज्यांचे तर्क चुकले तेही त्याचं पान न् पान तपासतील.